जित्ती की बरफाची?

मारेगावहून सरळ पश्चिमेला निघालं तर अरबी समुद्र लागायला सहाशेहून जास्त किलोमीटर तुडवावे लागतात. आग्नेयेला काकिनाड्याच्या अंगाने निघालं तर बंगालचा उपसागर त्याहून शंभरेक किलोमीटर जवळ पडतो. नकाशा उघडल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मासे म्हटलं की मराठी माणसाची मान आपोआप कोकणाकडे वळते. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगाच्या या तालुक्याचं पाणी मात्र कोकणाकडे कधी गेलेलंच नाही. ते वर्धेला लागतं, वढा-जुगादला पैनगंगा त्यात येऊन पडते, पुढे वैनगंगा भेटते, तिथून नाव प्राणहिता होतं आणि गोदावरीच्या मुखातून ते पूर्व समुद्राला मिळतं. आज मारेगावच्या बाजारात बर्फात निजलेली जी रोहू दिसते, ती बहुतेक वेळा याच पाण्याच्या उलट्या वाटेने, गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधल्या प्रदेशातून ट्रकमध्ये बसून वर आलेली असते.

इथल्या घरात मासोळी म्हणतात, मासे क्वचितच. घरात ती शिजते तिला रस्सा म्हणतात, कालवण किंवा आमटी नव्हे. या रश्शाची कुळी शोधायला गेलं की एक गंमत हाती लागते. रस्सा जुना आहे आणि त्यातली मासोळी नवी आहे. भांडं, मसाला, आंबट, शिजवायची रीत हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण ज्या मासोळीचे तुकडे त्यात आज पडतात, तिचा घराघरात शिरकाव होऊन साठ-सत्तर वर्षांहून अधिक काळ झालेला नाही. आणि तिच्या जन्माची तारीखसुद्धा सांगता येते.

आधी जुनं. वर्धेचे डोह, निर्गुडा, आणि दिवाळीपर्यंत वाहून मग डबक्या-डबक्यांत तुटणारे नाले, एवढाच या भागाचा मासोळीचा खजिना होता. भंडारा-गोंदियासारखे मालगुजारी तलाव इकडे नाहीत. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर. जे मिळायचं ते नदी-नाल्याचं: मरळ, वाम, मागूर, मिशा असलेला शिंगटा, बोटभर मुऱ्या, आणि झिंगे. (कोकणी माणूस ज्याला कोळंबी म्हणेल त्याची ही गोड्या पाण्यातली बारकी भावंडं.) पकडणारे ढिवर आणि भोई. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली निघाला, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडून तेरा वर्षं झाली होती. त्यात ढीमर जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मासेमारी, पालखी वाहणं, घरोघर पाणी भरणं आणि तळ्यात शिंगाड्याचं पीक घेणं ही त्यांची कामं त्यात नोंदली आहेत. पाण्याशी निगडित जे-जे काम ते यांचं, असा सगळा हिशोब. पालखी गेली, पाणी नळाला आलं, जाळं राहिलं.

या बारक्या, काटेरी, डबक्यातल्या मासोळीसाठी हा रस्सा घडला आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतो. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासोळी चिखलात लोळते आणि तिच्या मांसाला मातीचा वास येतो. हा वास जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीचा जो वास आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच द्रव्य असतं. अंगणात तो हवाहवासा, ताटात नकोसा! आंबटात जिऑस्मिन मोडतं. म्हणून चिंच. चिंच नसेल तर कैरी, आणि काही घरांत अंबाडी. चिंचेशिवाय मासोळी शिजवणाऱ्या सुनेला सासू काय म्हणेल हे इथे लिहीत नाही, पण रसायनशास्त्र सासूच्या बाजूने आहे.

मासोळी आधी चुलीच्या राखेत घोळतात. बुळबुळीत अंग राखेमुळे हाताला धरतं. मग विळीवर शेपटीकडून डोक्याकडे, उलट्या दिशेने खवले ओढायचे, कल्ले उपटायचे, पोट चिरून आतली घाण काढायची. पित्ताची हिरवी पिशवी फुटली तर सगळा रस्सा कडू, म्हणून तिथे हात हलका. पोटाच्या आतल्या बाजूला काळी पातळ पापुद्री असते तीही खरवडून काढायची. चार-पाच पाण्यांनी धुऊन हळद-मीठ लावून ठेवायची. इकडे कांदा अख्खा निखाऱ्यावर घालायचा, वरची साल कोळसा होईपर्यंत. सुकं खोबरं तिथेच भाजायचं. त्यांच्यासोबत लसूण, आलं, धणे, थोडे तीळ किंवा जवस, आणि लाल मिरची. पाट्यावर हे सगळं गंधासारखं उतरलं पाहिजे. तेलात ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, पाणी, चिंचेचा कोळ, आणि उकळी फुटल्यावरच तुकडे सोडायचे. त्यानंतर पळी बंद. भांडं फडक्याने धरून नुसतं गोल हिसकायचं, नाहीतर मासोळीचा भुगा होतो आणि काटे रश्शात उतरतात. वरून सांबार. विदर्भाबाहेरच्या वाचकाने दचकू नये, इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचं, आणि थोडा रस्सा मुद्दाम सकाळसाठी ठेवायचा. शिळ्या रश्शाची सर ताज्याला नाही, या मताचा मी आहे आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

या वाटणाचेही थर आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 35 एक जातींच्या माशांची, त्यांना चारा घालून गळाला लावण्याच्या राजेशाही खेळाची आणि मासे रांधण्याचीही हकीगत आहे. मासा कापून, नीट धुऊन चिंचेच्या पाण्यात शिजवायचा, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे दख्खनेत मासा आणि चिंच यांची सोयरीक निदान नऊशे वर्षांची. पण सोमेश्वराच्या ताटात तिखटपणा मिऱ्याचा होता. मिरची अमेरिकेहून पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात किनाऱ्यावर उतरली आणि सावकाश आत सरकली. तेव्हा वऱ्हाडी तर्रीचा लालभडक रंग कितीही पुरातन वाटला तरी चिंच तिची पणजी लागते. जवस मात्र इथलंच. जवसाचं तेल विदर्भात खाण्यात होतं, पुढे सरकीचं आणि शेंगदाण्याचं आलं, आता सोयाबीनची पिशवी. खोबरं किनाऱ्याचं. नारळाचं झाड इथे कुणी लावत नाही, तरी वाटीभर सुकं खोबरं प्रत्येक घरच्या डब्यात असतं.

खोबऱ्याच्याच वाटेने दुसरी एक किनाऱ्याची वस्तू इथवर आली: सुकट. समुद्राचा खरा वकील मारेगावात हाच. सुकट म्हणजे वाळवलेले बारके झिंगे, शिवाय सुके बोंबील. पश्चिम किनाऱ्यावर उन्हात वाळवलं की बोंबलाच्या अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जातं (ताज्या बोंबलात ते नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं), वजन उतरतं, आणि मग बर्फाशिवाय, घाईशिवाय तो पोत्यात बसून कुठेही जातो. आठवडी बाजारात मसाल्याच्या आणि मिरचीच्या दुकानांपासून चार हात लांब, वाऱ्याची दिशा बघून सुकटवाला बसतो. पाव किलो सुकट म्हणजे चार-पाच वेळच्या भाजीची सोय. वांग्यात टाका, अंबाडीत टाका, नुसती तव्यावर भाजून कांदा-तिखटात चुरा. मजुरीवरून आलेल्या बाईला चूल पेटवल्यापासून अर्ध्या तासात घरादाराला जेवू घालता येईल असं वशट याशिवाय दुसरं नाही. सुकटीला कुणी मेजवानी म्हणत नाही. पाहुण्यांपुढे ती ठेवत नाहीत, पण पाहुणे गेल्यावर हमखास करतात.

आता रोहू. ही मूळची उत्तरेच्या मोठ्या नद्यांची, गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यातली घराणेदार मासोळी. चरकसंहितेत तिचं नाव रोहित. शेवाळ खाते आणि झोपत नाही म्हणून ती पचायला हलकी, असं तिथलं कारण आहे. न झोपण्याचा आणि पचनाचा संबंध वैद्यांनी लावायचा, पण शेवाळाबद्दल चरकाचं निरीक्षण चुकलेलं नाही. रोहू मुख्यतः वनस्पतीवरच जगते. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरते, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तिघींचा संसार भांडणाशिवाय चालतो. मग हजारो वर्षं या तिघी गावोगावच्या तळ्यांत का गेल्या नाहीत?

कारण तळ्यात त्या अंडी घालत नाहीत. खातात, वाढतात, पोटात अंडी धरतात, पण ती सोडायला त्यांना पूर आलेली नदी लागते: चढतं पाणी, प्रवाह, काठावरची नुकती बुडालेली जमीन. साचलेल्या पाण्यात मादीचं शरीर शेवटचं पाऊल टाकतच नाही. म्हणून तळ्यात सोडायचं बीज नदीतून आणावं लागे, आणि त्याचा सगळ्यात मोठा बाजार बंगालमध्ये. पुराच्या दिवसांत नदीकाठी बारीक जाळी लावून पिल्लं धरायची आणि मातीच्या मडक्यांत भरून कलकत्त्याहून रेल्वेने देशभर पाठवायची. मडक्याबरोबर माणूस बसे. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तो वाटभर मडकं हलवत राही, पाणी बदलत राही, पाण्यातली घाण खाली बसावी म्हणून त्यात चिमूटभर बारीक लाल माती टाकत राही. इतकं करून मुक्कामाला जे पोचे त्यात रोहू किती आणि इतर किती हे देवालाच ठाऊक. नदीच्या बीजात बोदासारख्या मासेखाऊ जातीचीही पिल्लं यायची, आणि वर्षाअखेरीस तळ्यात तीच तेवढी गलेलठ्ठ झालेली दिसायची.

हा पेच सोडवला हिरालाल चौधरी यांनी. (रसेलचे सहलेखक हिरालाल वेगळे, मासोळीच्या कुळकथेत दोन हिरालाल यावेत हा निव्वळ योगायोग.) चौधरी 1921 साली सिल्हेट भागात जन्मले. पुढे कटकच्या केंद्रीय मत्स्यसंशोधन उपकेंद्रात कामाला होते. डोक्यात मेंदूच्या खाली वाटाण्याहून बारीक अशी पीयूषिका ग्रंथी असते. अंडी सोडण्याचा हुकूम तिथून सुटतो. तो हुकूम बाहेरून दिला तर? ब्राझीलमध्ये 1930 च्या दशकात असा प्रयोग यशस्वी झाला होता, आपल्याकडेही पंजाबात प्रयत्न झाले होते, पण कार्प जातीच्या माशांनी दाद दिली नव्हती. चौधरींनी मासोळीला मासोळीचीच पीयूषिका दिली. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे, वरिष्ठ शास्त्रज्ञ के. एच. अलिकुन्ही यांच्यासोबतच्या कामात, इंजेक्शन दिलेल्या माशांनी साचलेल्या पाण्यात अंडी सोडली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. कापूस-सोयाबीनच्या पेरणीच्या धांदलीत मारेगावात तो कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

रीत सांगायला सोपी. बाजारात कापलेल्या पक्व मासोळ्यांच्या डोक्यातून ग्रंथी काढून त्या शुद्ध अल्कोहोलात ठेवायच्या. पावसाळी दिवस बघून ग्रंथी खलात घोटायची, गाळायची, वजनाच्या मापाने सुईत घ्यायची. संध्याकाळी मादीला पहिली मात्रा, सहाएक तासांनी दुसरी. नराला त्या वेळी एकच. मग एक मादी आणि दोन नर, कापडी हौदात, म्हणजे तळ्यात चार काठ्यांना बांधलेल्या मच्छरदाणीसारख्या ‘हापा’त सोडायचे. पहाटेपर्यंत पाण्यात खळबळ होते आणि उजाडताना हापाभर मोत्यासारखी अंडी. मादीच्या किलोभर वजनामागे दोन लाखांच्या आसपास. पंधरा-अठरा तासांत ती फुटतात. तीन दिवसांनी पोटाशी असलेली पिवळ्या बलकाची पिशवी संपते आणि उरतो पाच-सहा मिलिमीटरचा, शेपूट हलवणारा कण. त्याला मत्स्यखात्याच्या मराठीत मत्स्यजिरे म्हणतात. जिरे वाढले की मत्स्यबीज, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. सरकारी भाषेत सहसा न आढळणारं हे बाळसं कुणाच्या डोक्यातून आलं असेल त्याला नमस्कार. आता ग्रंथी खलात घोटण्याऐवजी तयार संप्रेरकाची बाटली मिळते, आणि मडक्याच्या जागी प्राणवायू भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी आली आहे. जिऱ्यासोबत जाणारा माणूस आता मडकं हलवत नाही, मोबाइल बघत बसतो.

त्याच सुमारास परदेशी कार्पही आले. बँकॉकहून सायप्रिनस 1957 मध्ये, चंदेरा आणि गवत्या 1959 मध्ये. इकडे पाटबंधाऱ्यांचा काळ सुरू झाला होता. धरण बांधलं की तलाव होतो, तलाव झाला की मच्छीमार संस्था होते, संस्था झाली की बोटुकली सोडायची. मारेगाव तालुक्यात नवरगावचं धरण आहे, लहान-मोठे पाझर तलाव आहेत, पलीकडे बाभूळगावजवळ बेंबळा. वरच्या अंगाला वर्धेवरच धरणं बांधली गेली आणि पुराबरोबर चढणाऱ्या नदीच्या मासोळीची वाट अडली. एका हाताने नदीतलं काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने तळ्यात भरलं, असा हा व्यवहार. ढिवर-भोयांचा नदीवरचा हक्क कागदावर कधी नव्हता; तलावाचा मात्र ठेका निघतो, लिलाव होतो, बीजाचं बिल येतं. ज्याच्याकडे जाळं होतं त्याला आता भांडवलही लागायला लागलं.

खाणाऱ्यांतही भर पडली. वणी पट्ट्यात कोळशाच्या खाणी. त्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार, ज्याला रोहू म्हणजे माहेरची. खाली तेलंगण. तिथे मृग लागला की मासोळी खाल्लीच पाहिजे अशी रीत, आणि हैदराबादेत बथिनी कुटुंब त्या दिवशी औषध भरलेली जिवंत मरळीची पिल्लं दमेकऱ्यांना गिळायला देतं. पूर्वेला त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात 1960 च्या दशकापासून पूर्व बंगालचे निर्वासित वसवले गेले, तेही आले ते मासोळीची सवय घेऊनच. अशा तिन्ही बाजूंनी मागणी वाढली, आणि तलाव पुरेनात. तेव्हा आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराच्या परिसरात 1970 च्या दशकाअखेरीपासून तळ्यांचं जाळं पसरत होतं. भाताची खाचरं मोडून, सरोवराच्या पोटात बांध घालून. इतके बांध, की 2006 मध्ये सरकारला ते यंत्रं लावून फोडावे लागले. पण तोवर त्या भागातली रोहू-कटला अर्ध्या देशाच्या बाजारात पोचली होती.

त्यामुळे मासोळीच्या पाटीपुढे गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं. आधी कल्ला उचलून बघतं आणि विचारतं, “जित्ती हाय का बरफाची, दादा?” विकणारा जुना असला तर खोटं बोलत नाही: “बरफाचीच हाय माय, पन कालची नोयं.” जित्ती म्हणजे जवळच्या तलावातली, सकाळी जाळ्यातून निघालेली. तिला किलोमागे चार पैसे जास्त. जाणती बाई डोळा फुगीर आहे का बघते, अंगठ्याने पाठ दाबते. खळगा पडून राहिला तर पुढच्या पाटीकडे. चवीत फरक आहे का? बर्फाची रोहू मऊ पडते आणि रश्शात लवकर सुटते, एवढं खरं. बाकीचा फरक थोडा जिभेचा आणि थोडा अभिमानाचा असावा, असं मला वाटतं.

रोहू आली आणि रश्शात काय बदललं? तुकडे मोठे झाले. काट्यांची दहशत कमी झाली, म्हणून लहान पोरं ताटावर आली. अर्धी मासोळी रव्यात घोळून तव्यावर तळायची आणि अर्धी रश्शात, अशी वाटणी सुरू झाली. मुऱ्या किंवा झिंग्यांची अशी वाटणी कोण करणार? मुंडक्याला मान आला. ते घरातल्या कर्त्याला किंवा जावयाला. मसाला मात्र कुणी कमी केला नाही. डबक्यातल्या मरळीला लागणारी चिंच आणि तिखट तसंच्या तसं त्या सौम्य, गोडसर मांसावर पडतं. खरं तर रोहूला निम्मा मसाला पुरे. बंगाली माणूस हा रस्सा खाऊन घाम पुसत म्हणेल की यात मासोळी कुठे आहे. पण रश्शाचा जीव मासोळीत नव्हताच, पाट्यावर होता. मासोळ्या येत-जात राहिल्या.

श्रावणात बहुतेक घरांत वशट बंद. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, आणि करीला चूल पुन्हा तिखट होते. नेमके हेच पावसाळ्याचे दिवस बीजकेंद्रांच्या घाईचे. गावात मासोळीचं नाव निघत नाही तेव्हा तिकडे रात्री सुया टोचल्या जात असतात, आणि फुगलेल्या पिशव्या धरणाकडे, पाझर तलावाकडे, आणि अलीकडे कापसाच्या वावरातल्या शेततळ्याकडे निघतात. शेततळं मुळात पिकासाठी. कोरड्या काळात पाणी उरलं तर बोटुकली जगते, आटलं तर पीक आणि मासोळी दोन्ही जातात. पिशवीतलं बीज कधी साध्या रोहूचं असतं, कधी ‘जयंती’चं. भुवनेश्वरच्या संस्थेने नॉर्वेच्या मदतीने निवड करत करत जलद वाढणारी केलेली ही जात स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 मध्ये बाहेर पडली.

जयंती असो की साधी, शेततळ्यात ती प्रजा वाढवत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी भरतात, मृगाच्या सुमारास पोट गच्च होतं, पण नदी येत नाही आणि सुईही येत नाही. शेतकऱ्याला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिशवी विकत घ्यावीच लागते. ती भरलेली मादी बाजारात आली की विकणारा पोटावरून बोट फिरवून दाखवतो आणि भाव पाडून देत नाही. घरी ती अंडी वेगळी काढतात, हळद, तिखट, मीठ आणि मूठभर बेसन लावून तव्यावर वड्यांसारखी परततात. रस्सा उतरायच्या आतच पोरांनी ती संपवलेली असतात.